मडक्यातील कुपी

मंगरूळपीरहून कारंज्याकडे जाणारा रस्ता सोडून गाडीवाटेने बरेच आत गेले की रंगरावांचा मळा लागतो. मळा लहान, परंतु बारमाही हिरवा. वांगी, मेथी, पालक, आणि या साऱ्यांहून अधिक सांभार, ज्याला इतरत्र कोथिंबीर म्हणतात. त्या सांभाराच्या वाफ्यांत त्यांच्या पत्नी जिजाबाईंचे अवघे संसारी आयुष्य गेले होते. पहाटेच्या गारव्यात त्या कापणी करीत, केळीच्या भिजवलेल्या सोपटाने जुड्या बांधीत आणि उजाडेपर्यंत बाजाराची टोपली भरून ठेवीत. टोपली बाजारात नेणे रंगरावांचे काम. जुडी बांधणे मात्र त्यांना कधी साधले नाही. त्यांची जुडी वाटेतच सुटे, आणि त्यावरून त्या घरात एकच थट्टा वर्षानुवर्षे नव्याने होत आली होती.

यंदा चैत्रात डॉक्टरांनी सांगितले, की गोळ्यांनी आता भागणार नाही. जिजाबाईंना दोन वेळा इन्सुलिन टोचावे लागेल. टोचण्याचे भय कोणालाच वाटले नाही. लिंबा-आंब्यांवर कलमे बांधून रंगरावांचे हात स्थिर झालेले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सुई इतकी हलकी लावली, की जिजाबाईंनी विचारले, "झालं का? का अजून जागाच पाहून राह्यले?"

अडचण निराळीच होती. औषध थंड जागी ठेवावयाचे होते, आणि मळ्यात थंड अशी जागा नव्हती. शेतातील वीज पंपापुरती, तीही कधी दिवसा, कधी रात्री. तिच्या भरवशावर फ्रीज चालणे शक्य नव्हते. विहीर उन्हाळ्यात तळ दाखवी आणि बोअरचे पाणी कोमट येई. मुलगा भागवत वाशीमला नोकरीस होता. त्याच्या घरी फ्रीज होता, पंखे होते, जवळ दवाखाना होता. तेव्हा आईने वाशीमला येऊन राहावे, हे त्याच्या लेखी ठरलेलेच होते.

जिजाबाईंच्या लेखी ते ठरलेले नव्हते.

"तिथं मी काय करू?" त्या म्हणाल्या. "मागच्या साली पंधरा दिवस राह्यली होती ना तुमच्या घरी. बसून बसून साखर वाढली. वरून शेजारच्या बाया इचारतेत, काकू, तुमी दिवसभर काय करता. काय सांगू, पंखा पाहतो मनून?"

"आई, हट्ट कायले करतं?" भागवत म्हणाला. "औषध नासलं तर काय करशीन?"

"नासू नाई द्याचं."

हे बोलताना जिजाबाईंनी मुलाकडे नव्हे, सुनेकडे पाहिले. साधना वाशीमच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असे. सासूच्या त्या दृष्टीत विनवणी नव्हती; एखाद्या कारागिराकडे काम सोपवताना असते तसा निश्चिंत विश्वास होता. साधनेला तो विश्वास जड वाटला. सासूबाई मळ्यातून निघाल्या तर त्या अर्ध्याच वाशीमला पोहोचतील, हे तिला कळत होते. आणि औषध बिघडले तर काय होईल, हेही तिला त्या घरात सर्वांहून अधिक कळत होते.

तिने एक वाट काढली. औषधाचा साठा वाशीमच्या फ्रीजमध्येच राहील. मळ्यात एका वेळी एकच कुपी असेल. उघडलेली कुपी तीस अंशांच्या आत राहिली तर महिनाभर चालते. तेव्हा प्रश्न एवढाच उरला, की वैशाखाच्या उन्हात एक चिमुकली कुपी तीस अंशांच्या आत कशी ठेवावी.

त्याचे उत्तर फार जुने आहे. साधनेने कुंभाराकडून एक मोठा रांजण आणि त्यात बसेल असे मडके आणले. दोहोंच्या मधल्या जागेत नदीची वाळू भरली, वाळू पाण्याने पूर्ण भिजवली, आतल्या मडक्यात कुपीचा स्टीलचा डबा व एक तापमापक ठेवला आणि तोंडावर ओले फडके टाकले. झोपडीच्या वाऱ्याच्या बाजूला, सावलीत, तिवईवर तो रांजण बसवला. बाहेर ऊन माणसाला भाजून काढीत होते. दुपार टळेतो मडक्यातील तापमापकाचा पारा पंचविसाशी येऊन थांबला.

"आई, हा तीसचा आकडा," साधना तापमापक दाखवीत म्हणाली. "पारा याच्या खाली असला तर तुमी इथं. याच्या वर चढला तर वाशीम. मंग माझ्याशी भांडायचं नाही."

"भांडतो कोन," जिजाबाई म्हणाल्या. "वाळू भिजवाची एवढंच ना?"

"एवढंच. सकाळ-संध्याकाळ."

त्याच क्षणी रंगरावांनी मनाशी निश्चय केला, की या कामात आपल्याकडून कसूर होणार नाही. तो निश्चय त्यांनी इतक्या निष्ठेने पाळला, की त्यातूनच पुढला अनर्थ घडला.

काही दिवस सर्व ठीक चालले. रोज सांजेला रंगराव फोनवरून जिजाबाईंची साखर सांगत आणि साधना ती मनात ठेवी. मग आकडा चढू लागला. आधी थोडा, मग पुष्कळ. भागवत म्हणाला, "आंबे खाऊन राह्यली असंन. झाड दारातच हाये." हे जिजाबाईंच्या कानी गेले तेव्हा त्यांनी फोन घेऊन सांगितले, की लेकाने आईच्या तोंडाचा वास घ्यायला यावे, आणि येताना आंबे घेऊन यावे, कारण दारातले सारे खारींनी खाल्ले.

पुढच्या रविवारी साधना पहिल्या बसने निघाली. मळ्यात शिरताच तिला झोपडीच्या कोपऱ्यात काहीतरी लखलखताना दिसले. जवळ जाऊन पाहते तो रांजण. रांजणाला गळ्यापासून तळापर्यंत रुपेरी मल्चिंग पेपर गुंडाळलेला होता, वर सुतळीचे घट्ट वेढे, आणि तोंडावर त्याच पेपरची दुहेरी टोपी. भाजीवाल्या मळ्यांत वाफ्यावर अंथरतात तोच हा प्लास्टिकचा कागद. तो मातीतला ओलावा उडू देत नाही; त्याच्यामुळे निम्म्या पाण्यात पीक येते.

रंगराव मागून आले. त्यांच्या चेहऱ्यावर केलेल्या कामाचे समाधान होते.

"पाह्य," ते म्हणाले. "पह्यले वाळू दिवसातून दोन खेपा भिजवा लागे. तरी दुपारी कोरडी पडे. आता आठ दिवसांत एक गडवा पानी नाई घातलं, तरी वाळू ओलीच्या ओली. हात लावून पाह्य."

साधनेने टोपी काढली. आतून ऊबट, कोंदलेली हवा तोंडावर आली. तापमापक बाहेर काढला, तेव्हा पारा छत्तिसावर होता. वाळू ओली पाहून रंगरावांनी तो पाहणेच सोडून दिले होते.

तिने तो रंगरावांपुढे धरला. त्यांनी आकडा वाचला. ते खाटेच्या कडेला बसले. जिजाबाई ओसरीत जुड्या बांधीत होत्या. त्यांचे हात थांबले.

"वाळू तर ओली हाये," रंगराव म्हणाले.

"ओली आहे म्हणूनच, मामाजी," साधना हलक्या आवाजात म्हणाली. "पाणी उडालं नाही, म्हणून मडकं गार झालं नाही. पाणी उडताना मडक्यातली उष्णता सोबत घेऊन जाते. जेवढं पाणी जाईन, तेवढाच गारवा मागं राहीन. आपण पाणी वाचवलं आणि गारवा घालवला."

रंगरावांनी ती रुपेरी टोपी हातात घेतली. "जल्मभर पानी धरून ठेवाचं शिकलो," ते म्हणाले. "पाटाचं, ठिबकाचं, मातीतलं. पानी जाऊ द्याचं, हे काम मले कोनी सांगतलंच नाई."

"मी सांगायला पाहिजे होतं," साधना म्हणाली. खरेच तिने सांगावयास हवे होते. तिने वाळू भिजवा म्हटले होते. का भिजवा, ते सांगितले नव्हते. पंधरा वर्षे ती फळ्यावर हेच लिहीत आली होती आणि घरी मात्र नुसता हुकूम देऊन गेली होती.

नासलेली कुपी तिने वेगळी ठेवली आणि पिशवीतून नवी काढली. मल्चिंग पेपर फेडला. वाळूवर नवे पाणी ओतले. वारा लागताच रांजणाच्या अंगावर ओलाव्याचा काळसर पट्टा उमटला, आणि तिघेही त्याच्याकडे पाहत बसले. कारण आता त्या मातीच्या अंगावर काय घडते यावर जिजाबाईंचे राहणे अवलंबून होते.

रंगरावांच्या मनात मात्र काहीतरी अडले होते.

"एक इचारू का?" ते म्हणाले. "पान्याले उडाले उष्णता लागते मनतं तू. मंजे त्याले खर्च हाये. मडक्याकून, हवेकून मागून घ्या लागते. मंग ते आपल्या मनानं काहून जाते? पानी उतारानं खाली जाते, ते समजते. तिथं काई लागत नाई. पन खर्च करून, कोनी ढकललं नसताना, कोन जाते?"

साधनेने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तिच्या शास्त्राच्या मुळाशी होता, तोच हा प्रश्न. अकरावी-बारावीची मुले सूत्र पाठ करीत, उदाहरणे सोडवीत, चिन्हे अचूक मांडीत. परंतु इतक्या वर्षांत असे कोणी विचारले नव्हते. तिने उत्तर मनात जुळवले, पण शब्द सापडेपर्यंत ओसरीतून जिजाबाई बोलल्या.

"तुमी नाई का जात पिराच्या उरसाले? दरसाल. उन्हात, गर्दीत, पदरचे पैसे खर्चून. कोन ढकलते तुमाले?"

"तिथं मोकळं वाटते मनाले," रंगराव ओशाळून म्हणाले. "चार मानसं भेटतेत. इकडं फिरा, तिकडं फिरा."

"तेच," साधना म्हणाली, आणि तिला हसू आले. "अगदी तेच, मामाजी. कोणत्याही पदार्थाला दोन ओढी असतात. एक ओढ खाली बसण्याची, उष्णता देऊन टाकून स्वस्थ होण्याची. पाणी उताराने जाते, तशी. पदार्थाच्या पोटातल्या त्या उष्णतेच्या साठ्याला आम्ही एन्थाल्पी म्हणतो. दुसरी ओढ पसरण्याची. रांजणाच्या मातीत पाण्याचे कण एकमेकांना धरून दाटीने बसलेले असतात. हवेत गेले की हजार वाटा मोकळ्या. त्या मोकळेपणाच्या मापाला एन्ट्रॉपी म्हणतात. इथं पहिली ओढ पाण्याला म्हणते, जाऊ नको, खर्च आहे. दुसरी म्हणते, चल. ऊन जेवढं कडक, तेवढी ही दुसरी जोरात."

"आन निकाल कोन लावते?" रंगरावांनी विचारले.

"दोघींची वजाबाकी. तिला मुक्त ऊर्जा म्हणतात. ती उतरत असंन तर गोष्ट आपोआप घडते, खर्च असला तरी. चढत असंन तर कितीही वाट पाहा, आपोआप घडत नाही."

रंगरावांनी मान डोलावली. मग खाटेवरून उठून त्यांनी मल्चिंग पेपरची घडी केली आणि ती काळजीपूर्वक आढ्याला खोचली. फेकून मात्र दिली नाही.

संध्याकाळी पारा पंचविसावर आला. परंतु भागवत फोनवर म्हणाला, "चूक कागदाची असो की कोनाची असो, पारा तिसाच्या वर गेला का नाई? तूच ठरवलं होतं." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. साधनेने पाऊस येईपर्यंतची मुदत मागितली. भागवतने दिली, पण एक अट घातली: आता एकदा जरी पारा चढला, तर त्याच दिवशी तो गाडी घेऊन येईल.

साधनेने अट मान्य केली. बसमध्ये बसल्यावर तिला जाणवले, की आपण पुरता विचार न करता मान्य केली. मडक्याची मर्यादा तिला ठाऊक होती. पाणी उडते ते हवा कोरडी असेतो. वऱ्हाडाचा वैशाख कोरडा. पण ज्येष्ठ लागला की पावसाआधी काही दिवस असे येतात, जेव्हा ढग उतरतात, वारा पडतो, अंगावरचा घाम वाळत नाही. तेव्हा हवेतच दाटी झालेली असते. बाहेर गेलेले कण आणि परत येणारे कण यांची बरोबरी होते. दोन्ही ओढी एकमेकींना तोलून धरतात, वजाबाकी शून्यावर येते आणि मडके नुसते ओले मडके होऊन बसते.

ते दिवस आले. उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे साधना मळ्यातच येऊन राहिली होती. आभाळ भरलेले, पण थेंब नाही. झाडाचे पान हलेना. सकाळी अठ्ठाविसावर असलेला पारा दुपारच्या आत तिसाला टेकला.

रंगराव रांजणापाशी उकिडवे बसून होते. त्यांनी वाळू दोनदा भिजवली होती, पुठ्ठ्याने वारा घातला होता. "उरसात गर्दी झाली," ते म्हणाले. "आता कोनी जाऊन नाई राह्यलं."

साधनेला त्या वाक्यातील अचूकपणाचे कौतुक वाटले नाही. तिला फक्त पारा दिसत होता. तीस, आणि वर एक रेघ. तिने फोन हातात घेतला. लपवावे असे तिच्या मनात क्षणभरही आले नाही. मडके मडकेच असते. त्याला सासूबाईंचे मन कळत नाही, आणि औषधालाही कळत नाही. तिने भागवतला सांगितले. तो म्हणाला, "दोन-तीन तासांत येतो. आईची पेटी भरून ठेव."

जिजाबाईंनी सारे ऐकले होते. पेटीकडे न जाता त्या मागच्या अंगणात गेल्या, कारण दुपारच्या आधी सांभाराला युरियाचे पाणी द्यावयाचे होते, आणि निघायचे असले तरी वाफे उपाशी ठेवून निघणे त्यांच्या स्वभावात नव्हते. साधना त्यांच्या मागे गेली.

जिजाबाई बादलीत युरियाचे दाणे ओतून पाणी घालीत होत्या आणि काठीने ढवळीत होत्या. बादलीचा काठ त्यांनी डाव्या हाताने धरला होता. एकाएकी त्यांनी हात काढून घेतला आणि पदरात गुंडाळला.

"काय झालं, आई?"

"काई नाई. बकेट गारठली. दरखेपी असंच होते. युरिया इरघळला की बोटं आखडतेत माही. सांध्यात जाते तो गारठा."

साधना बादलीपाशी वाकली.

तिने बादलीला हात लावला. बाहेरून दव धरू लागले होते. अशा उकाड्यात, अशा कोंदलेल्या हवेत, बादली थंडगार होती. तिच्या डोळ्यांपुढे पुस्तकातील कोष्टक उभे राहिले. विरघळताना उष्णता घेणारे पदार्थ, त्यांत युरिया. स्फटिकात रांगेने बसलेले कण सुटतात आणि साऱ्या पाण्यात विखुरतात. सुटण्याला खर्च लागतो, तो ते पाण्याकडून घेतात, आणि पाणी गारठते. हवा कोरडी असो वा ओली, त्यांना काय? त्यांना हवेत जायचेच नसते. त्यांची मोकळी जागा पाण्यातच आहे. रांजणाची वाट बंद झाली तरी ही वाट उघडी होती. कितीतरी उन्हाळे ती या बादलीशेजारून ये-जा करीत होती, आणि कितीतरी उन्हाळे हा गारवा सांभाराच्या वाफ्यात ओतला जाऊन मातीत हरवत होता.

"आई, थांबा," ती म्हणाली. "हे पाणी ओतू नका."

"काहून? सांभाराले लागते ते."

"लागू द्या. पण आधी आपल्याला लागते."

तिने पळत जाऊन तापमापक आणला. बादलीत बुडवला. पारा उतरत चौदापाशी थांबला. तिच्या मनात एक शंका आली, कारण इन्सुलिन गोठले तर तेही नासते. पण गोठण्यापासून चौदा पुष्कळ दूर होता, आणि याहून अधिक दाणे घालावयाचे नव्हते. कुपीचा डबा तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधले, म्हणजे पाण्याचा थेंब आत जाणार नाही. आणि डबा बादलीत दगडाच्या आधाराने उभा केला.

रंगराव आले. त्यांनी बादलीत बोट बुडवले, डोळे मोठे केले आणि मग पहिली गोष्ट त्यांनी ही केली, की गोठ्यापाशी जाऊन गाय दूरच्या बाभळीला नेऊन बांधली. "जनावराले हे पानी जहर, तोंडी लावलं तर जागेवर बसन," ते म्हणाले. मग परत येऊन बादलीपाशी उभे राहिले. आढ्याला खोचलेल्या कागदाकडे ते वळले आणि मधेच थांबले.

"बाई," त्यांनी अगदी सावधपणे विचारले, "याले झाकू का नको झाकू?"

"झाका, मामाजी. चांगलं घट्ट झाका. गोणपाट गुंडाळा, वरून तुमचा कागद."

"त्या दिवशी झाकलं तं बिघडलं. आज झाक मनतं."

"त्या दिवशी गारवा तयार होत होता, त्याला वाट पाहिजे होती. हा गारवा एकदाच होऊन गेला. आता तो होणार नाही, फक्त राहणार. बाहेरची ऊब आत येऊ नाही, एवढंच आपलं काम."

रंगरावांनी आढ्याला खोचलेली रुपेरी घडी काढली. बादलीला आधी गोणपाटाचे दोन थर, वरून कागद, वर फळी, फळीवर दगड. सुतळीचे वेढे त्यांनी त्याच घट्टपणाने बांधले. जिजाबाई बाजूला उभ्या राहून पाहत होत्या.

"जुडी बांधाले येत नाई, बकेट बरी बांधता येते," त्या म्हणाल्या.

मग त्या वाफ्याकडे वळून पाहू लागल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "हे संध्याकाळपर्यंत गार राहीन. मंग?"

"मग ऊन उतरते. रात्री मडकं पुरते," साधना म्हणाली. "उद्या दुपारी नवी बादली."

"रोज नवा युरिया? दानं काय आभाळातून पडतेत?"

याचे उत्तर जिजाबाईंनीच शोधले, वाफ्यांवरून नजर फिरवता फिरवता. "सगळ्या वाफ्यांले एकाच दिवशी काहून देतो आपन?" त्या रंगरावांना म्हणाल्या. "रोज दोन-तीन वाफ्यांले देऊ. आजच्या बकेटीतलं पानी सांजच्याले जास्तीच्या पान्यात मिसळून या वाफ्यांले. उद्याचं त्या वाफ्यांले. युरिया तेवढाच, वाफेही तेवढेच. गारवा तेवढा घरात घ्याचा."

"एकदम द्याची आपली रीत हाये," रंगराव म्हणाले.

"रीत तुमीच मोडली. रांजनाले कागद कोन नेसवला?"

पावसाळी वारा सुटून उकाडा उतरेपर्यंत थोडेच दिवस काढावयाचे होते. तेवढ्यांना ही व्यवस्था पुरेशी होती. साधनेने पुन्हा मनाशी सारे तपासले. डबा, पिशवी, झाकण, गाय, वाफ्यांचा क्रम. तिला भूल पडू द्यायची नव्हती. विरघळलेला दाणा स्वतःहून परत दाणा होत नाही. त्याला पुन्हा रांगेत बसवायचे तर सारे पाणी आटवावे लागेल, चुलीत लाकडे घालावी लागतील. उडालेले पाणी स्वतःहून मडक्यात परतत नाही. प्रत्येक गारव्यासाठी काहीतरी कायमचे विखुरले जात होते. आणि रोज सकाळी कोणीतरी उठून वाळू भिजवणार होते, बादली ढवळणार होते, गाय दूर बांधणार होते. आपोआप घडते असे जिला शास्त्र म्हणते, त्या गोष्टीच्या दाराशी दोन म्हातारी माणसे जागी राहणार होती. तिने दोघांकडे पाहिले. बादली कोठे ठेवावी यावर त्यांचा वाद सुरू झाला होता. हा वाद वाशीमच्या घरात झाला नसता, कारण तेथे दोघांना वाद घालण्याजोगे काही उरले नसते.

भागवत आला तेव्हा आभाळ अधिकच खाली उतरले होते. गाडी थांबवून तो थेट ओसरीत आला. पेटी भिंतीशी होती, बंद आणि रिकामी.

"पेटी भरली नाई?" त्याने साधनेला विचारले.

"रांजणातला पारा एकतीसवर गेला होता," ती म्हणाली. "खोटं नाही सांगत. आता हा पाहा." तिने फळी उचलून डबा उघडला आणि तापमापक त्याच्या हातात दिला. सोळा.

भागवतने तो वळवून पाहिला. मग बादलीकडे पाहिले, गोणपाटाकडे, रुपेरी कागदाकडे. हे काय आहे ते त्याला सांगण्यात आले. थोडे साधनेने सांगितले, थोडे रंगरावांनी, आणि उरसाचा भाग जिजाबाईंनी. त्याच्या मनातील काळजी एका बादलीने फिटणारी नव्हती, आणि ते त्याने दडवलेही नाही.

"पुढच्या उन्हाळ्यात?" त्याने विचारले.

"पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मोजू," साधना म्हणाली. "पारा जे म्हणेल ते मी तुम्हाला सांगेन. आजही सांगितलंच ना? आज तो म्हणतो, आई इथं राहतील."

भागवतने तापमापक परत केला. जिजाबाई तेवढ्यात आत गेल्या होत्या. बाहेर आल्या त्या जुड्यांनी भरलेली टोपली घेऊन. ती त्यांनी मुलाच्या हातात दिली.

"गाडी आनलीच हाये तं बाजारात सोडून दे," त्या म्हणाल्या. "बापाले देऊ नको. सुटतेत."

संध्याकाळी त्यांनी बादलीचे झाकण काढले. पाणी आता नुसते खताचे पाणी होते. गारवा त्यातून निघून गेला होता. कुपी पुन्हा रांजणात गेली, कारण उन्हाबरोबर उकाडाही थोडा ओसरला होता. जिजाबाईंनी बादलीतले पाणी हौदातल्या पाण्यात मिसळले आणि तांब्यातांब्याने सांभाराच्या पहिल्या दोन वाफ्यांना सोडले. ओळीच्या टोकाशी पोहोचल्यावर त्यांनी उरलेला थेंब मुळाशी झटकला, हात पदराला पुसला, आणि उद्याच्या वाफ्याशी खूण म्हणून एक काडी रोवून ठेवली.